उताणे सरकार

सरकार पहिल्यांदा उताणे सापडले तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. कासवाला सरकार हे नाव कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ज्याला सुचलं त्याला दाद द्यायला हवी. चाल तशीच, संकट दिसलं की मान आत ओढून घ्यायची सवय तशीच, आणि एवढं करून आयुष्य भरपूर. सरकारचे मालक म्हणजे बेकरीच्या शेजारचे कवळीकाका. ते दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून द्यायचे, घरातल्याच एका खोलीत, मेण आणि प्लॅस्टरच्या पसाऱ्यात बसून. लग्न केलेलं नव्हतं. आई गेली तेव्हा तिच्यामागे हे कासव उरलं, आणि काकांनी ते आईसारखंच सांभाळलं, म्हणजे थोडं घाबरून आणि पुष्कळ मायेनं.

सरकार सापडले ते कुंपणाच्या अलीकडे, बेकरीवालीच्या मागच्या अंगणात. चारी पाय हवेत, आणि उशाशी बेकरीवालीचा कुत्रा उभा राहून जीव खाऊन भुंकतोय. आता याचा अर्थ काय लावायचा? ज्याला डोळे आहेत तो लावेल तोच सगळ्यांनी लावला.

कुत्र्याचं नाव मैदा. पांढरा, जाड, म्हातारपणाकडे झुकलेला. जन्मात त्यानं माशीसुद्धा मारली नव्हती. प्रयत्न केला होता, पण जमलं नव्हतं. बेकरीवालीनं त्याला दोन शब्द सुनावले, सरकारांना सुलटं केलं आणि कुंपणापलीकडे जाऊन माफी मागितली. जनावरं आहेत, चालायचंच, असं काका म्हणाले. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा काकांनी चालायचंच म्हटलं नाही. तिसऱ्या वेळी सरकार भर उन्हात बराच वेळ तसेच पडून होते, आणि त्यांना टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी पाठीच्या कडेवर दातांचे ओरखडे दाखवले. कासव उलटं पडलं की त्याला श्वास जड जातो, वरून हे ऊन, पुन्हा असं झालं तर वाचेलच असं सांगू शकत नाही, असं त्या म्हणाल्या. परतताना बेकरीवाली गाडी चालवत होती आणि काका टोपली मांडीवर घेऊन शेजारी बसले होते.

मग उपाय सुरू झाले. कुंपणाखालची फट फळ्या ठोकून बुजवली. सरकारांनी दोन दिवस फळ्यांकडे बघत विचार केला आणि बाजूची माती उकरून नवा रस्ता काढला. कासवं उकरतात हे बेकरीवालीला तेव्हा कळलं. मग वेळा वाटून घेतल्या, सकाळी कुत्रा बाहेर, दुपारी कासव. पण घड्याळ फक्त माणसांना कळतं, तेव्हा ते तितकंच टिकलं. मग मैद्याच्या तोंडाला जाळी बांधली. ती बांधताना त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की तिला पोळलेल्या हातापेक्षा जास्त लागलं, आणि जाळी त्याच दिवशी निघाली. शेवटी दोघांची रीतसर ओळख करून द्यायचं ठरलं. एका संध्याकाळी काका एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला, मध्ये दोन आरोपी. सरकार चालत चालत थेट मैद्याच्या हनुवटीखाली जाऊन थांबले, आणि मैद्याला झोप लागली.

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिलं. हा ढोंगी आहे, असं त्यांचं मत पडलं. तिला हसू आलं.

खरी अडचण अशी होती, की जे काही घडे ते दुपारी घडे, आणि दुपारी ती मेल्यासारखी झोपे. जग पहिल्या झोपेत असतं तेव्हा बेकरीवाल्यांचा दिवस सुरू होतो. सकाळभर दुकान, मग दोन घास खाऊन जी आडवी व्हायची ती संध्याकाळचा पाव लावायच्या वेळेपर्यंत. त्या वेळात घरात जागे असत ते बाबा आणि मैदा.

बाबांनी ही भट्टी उभारली, आणि त्यांनाच आता भट्टीपासून लांब ठेवावं लागत होतं. काही दिवस ते अगदी लख्ख असायचे. काही दिवस स्वतःच्या खोलीचं दार शोधत फिरायचे. चारचौघांत मात्र त्यांचं काही बिनसलंय हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. आल्यागेल्याची चौकशी, हवापाण्याच्या गप्पा, सगळं जिथल्या तिथे. दुसऱ्या गावी राहणारा भाऊ फोनवर एकच विषय लावून धरायचा, की म्हाताऱ्या माणसांची सोय असलेली एक चांगली जागा त्यानं बघून ठेवली आहे. एकदा काही वेडंवाकडं झालं की मग मी तुझं ऐकणार नाही, असं त्यानं बजावलं होतं. ती दर वेळी सांगायची, बाबा ठीक आहेत. आणि ते बऱ्याच अंशी ठीक होते ते मैद्यामुळे. बाबा फाटकाकडे निघाले की हा आडवा जाऊन उंबऱ्यावर पडायचा, आणि ते जड धूड ओलांडणं बाबांना जमायचं नाही. तेवढ्यावर तिचं काम चाललं होतं. मैदा गेला असता तर तिला एक तर भट्टी बंद करावी लागली असती, नाही तर बाबांना त्या चांगल्या जागी पाठवावं लागलं असतं.

म्हणून तिनं शेवटचा उपाय केला. दुपारी झोपण्याआधी मैद्याला अंगणातल्या खांबाला दोरीनं बांधलं. दोन वेढे, घट्ट गाठ. भुंकण्यानं जाग आली तेव्हा मैदा मोकळा होता आणि सरकार उताणे. दोरी तुटलेली नव्हती, कुरतडलेली नव्हती. गाठ व्यवस्थित सोडून दोरी खांबापाशी पडली होती.

तिचं डोकं चालेना. आपण बांधलं होतं, हे तिला आठवत होतं. पण गेल्या आठवड्यात पिठात मीठ घातल्याचंही तिला असंच आठवत होतं, आणि तो सगळा पाव अळणी निघाला होता. बाबांचंही असंच सुरू झालं होतं, मिठापासून. ती दोरी हातात घेऊन खांबाशी उभी राहिली आणि तिला मनापासून भीती वाटली. कुत्र्याची नाही, कासवाचीही नाही, स्वतःची.

तेवढ्यात काका कुंपणाशी आले. भांडायची सवय नसल्यामुळे ते तिच्याकडे न बघता जमिनीकडे बघून बोलले.

"रविवारपर्यंत त्याची सोय कर कुठेतरी. मला तक्रार करायला लावू नकोस."

तिनं मान डोलावली. गावाबाहेर एका चुलतभावाचं गोदाम होतं, त्याला राखणीला कुत्रा हवाच होता. मैदा ज्या गोदामाची राखण करणार त्या गोदामाचं काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको, पण चुलतभाऊ हो म्हणाला, रविवारी संध्याकाळी येऊन घेऊन जातो म्हणाला.

शनिवारी दुपारी ती झोपली नाही. शेवटचा एक दिवस बघावं तरी हा नेमकं करतो काय, एवढाच विचार. स्वयंपाकघराची खिडकी किलकिली करून ती स्टुलावर बसली. मैदा सावलीत पसरला होता. त्याला बांधलेलंही नव्हतं. बऱ्याच वेळानं झुडपांतून सरकार निघाले, अंगणातल्या तापलेल्या फरशीवर येऊन थांबले आणि ऊन खात बसले. मैद्यानं एक डोळा उघडला, कोण ते पाहिलं आणि मिटला.

मग बाबा बाहेर आले.

खांद्यावर फडकं. दोन्ही हात त्यांनी त्या फडक्याला पुसले, सावकाश खाली वाकले आणि सरकारांना दोन्ही हातांनी उचललं. उचललं म्हणजे कसं, तर फळीवरून गरम वस्तू उचलतात तसं, बोटं पसरून. मग त्यांनी सरकारांना उलटं केलं, कान जवळ नेला आणि बोट वाकवून पोटावर टकटक केली.

तिनं तोंडावर हात दाबला. ही टकटक ती रोज करत होती. पावाला हात लावायला लागल्यापासून करत होती. मोठा गोल पाव भट्टीतून काढला की उलटा करायचा आणि बुडावर टकटक करायची. आवाज पोकळ आला तर भाजला, बद्द आला तर आत कच्चा. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. आणि उन्हात बसलेले सरकार होतेही तसेच: गोल, तपकिरी, वरून भेगाळलेले, आणि हाताला चांगले ऊन ऊन. बाबांनी आवाज ऐकला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग त्यांनी सरकारांना फरशीवर तसंच उलटं ठेवलं, बूड वर करून, कारण गरम पाव सुलटा ठेवला तर वाफ धरून बूड ओलं होतं. हात पुन्हा पुसले, आणि काम झाल्यासारखे ते आत निघून गेले.

आता मैदा उठला. धावत सरकारांपाशी गेला, कुईकुई करत नाकानं ढकलू लागला. जमेना, तेव्हा कडा दातांत धरून ओढू लागला. तेही जमेना, तेव्हा मान वर करून भुंकू लागला. एवढे दिवस ज्याला गुन्हेगार म्हणत होते तो मदतीला धावणारा होता. कुचकामी, पण एकटाच. आणि दोरी कुणी सोडली असेल हेही आता वेगळं सांगायला नको होतं. बाबांना कुत्रा बांधलेला कधीच खपायचा नाही.

तिनं धावत जाऊन सरकारांना सुलटं केलं. आधी तिला हसू फुटलं, आवरेना इतकं. मग एक गोष्ट ध्यानात आली आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. पाव बद्द वाजला तर तो पुन्हा भट्टीत जातो. सरकार आजवर दर वेळी पास झाले होते, हे त्यांचं नशीब.

आता करायचं काय? संध्याकाळचं पीठ मळताना ती एकदा असं ठरवी, एकदा तसं. गप्प बसावं, मैद्याला जाऊ द्यावं, कुत्र्याला कुठे बदनामी कळते. पण मैदा गेला तरी सरकार उताणे व्हायचे ते होणारच. आणि सांगितलं तर ते भावाच्या कानावर जाणार. गप्प राहिलं तर मैदा जातो आणि मागोमाग कासव, बोललं तर बाबा जातात. अर्धवट मळलेलं पीठ झाकून ठेवून ती कुंपणापलीकडे गेली.

काका एका कवळीला पॉलिश करत बसले होते. तिनं सगळं सांगितलं. काकांनी मशीन बंद केलं आणि तिच्याकडे असं पाहिलं, की तिला वाटलं आपण काहीतरी चोरताना पकडले गेलोय.

"कुत्र्यासाठी तू बापाला पुढे करतेस?"

काका बोलतच राहिले. कालच संध्याकाळी बाबा तिच्याबरोबर येऊन इथे, या खुर्चीवर, बसून गेले होते. कवळी छान बसली म्हणाले, काकांच्या बहिणीची चौकशी केली, तिच्या मुलांची वयंसुद्धा बरोबर सांगितली. तो माणूस कासवाला पाव समजतो? काकांना राग कमी आणि वाईट जास्त वाटत होतं, हे दिसत होतं, आणि त्यामुळे तिला अधिकच शरमल्यासारखं झालं. क्षणभर तिला स्वतःचीही खात्री राहिली नाही. खिडकीतून पाहिलं ते खरंच पाहिलं, की न झोपल्यामुळे भास झाला? अळणी पाव भाजणाऱ्या बाईच्या साक्षीला किंमत किती?

"उद्या दुपारी या," एवढंच ती म्हणाली. "सरकारांना तुमच्या हातानं फरशीवर ठेवा आणि माझ्याबरोबर खिडकीशी बसा."

हे बोलून गेल्यावर तिला स्वतःची घृणा वाटली. आपल्या बापाचा खेळ करून शेजाऱ्याला दाखवायचा, तोही कुत्रा वाचवण्यासाठी.

रविवारी काका आले. सरकारांना त्यांनी नाइलाजानं फरशीवर ठेवलं, आणि मागे वळून वळून बघत स्वयंपाकघरात येऊन बसले. मैदा पट्ट्यानं तिच्या पायाशी बांधलेला. बाबा काही बाहेर येईनात. काकांनी घड्याळ पाहिलं. बाबा यावेत असं तिला वाटत होतं, आणि येऊ नयेत असंही तितकंच वाटत होतं. ते आले नसते तर ती खोटी ठरली असती आणि तिला बरं वाटलं असतं, इतका तिचा गोंधळ उडाला होता.

बाबा आले. फडकं, हात पुसणं, वाकणं, सगळं तसंच. काका खुर्चीवरून अर्धे उठले. बाबांनी सरकारांना उलटं केलं आणि टकटक केली. कपाळाला आठी पडली. पुन्हा टकटक केली. सरकारांना आज सावलीतून उचलून आणलेलं, ते पुरते तापलेलेही नव्हते. बाबांनी नापसंतीनं मान हलवली आणि त्यांना दोन्ही हातांत घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारातून सरळ आत शिरले. पलीकडच्या दारातून भट्टीकडे वाट जात होती, आणि संध्याकाळच्या पावासाठी भट्टी धगधगत होती.

दारात चौघं समोरासमोर आले. मैदा उठून बाबांच्या वाटेत आडवा झाला. काकांचा चेहरा त्यांच्या प्लॅस्टरसारखा पांढरा पडला होता, पण बोलले तेच.

"मालक, माझा पाव झाला का?"

बाबांनी गिऱ्हाईकाकडे पाहिलं. "अजून कच्चा आहे. जरा थांबावं लागेल."

घाई आहे, तसाच द्या, असं काका म्हणाले. त्यांचे हात पुढे झालेले होते. कच्चा पाव या दुकानातून जात नाही, असं बाबांनी ठणकावलं. तेव्हा कुठे तिचे पाय हलले. मागच्या फळीवरून सकाळचा एक गोल पाव उचलून तिनं बाबांपुढे धरला. यांना हा देऊ या, हा झालाय, असं ती कशीबशी म्हणाली. बाबांनी सरकारांना तिच्या हातात दिलं आणि पाव घेतला. उलटा केला, टकटक केली, ऐकलं, आणि तो काकांच्या हातांत ठेवला. काकांनी तो पोटाशी धरला. सरकारांचे पाय तिच्या तळव्यांवर सरपटत होते, आणि ते जिवंत आहेत एवढंच तिला कळत होतं.

बाबा काकांच्या जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ही मुलगी नवीन आहे. तिनं घाई केली. तिला काही बोलू नका, लक्ष मी द्यायला हवं होतं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ते काहीतरी बोलणार होते, ही तुमची, असं काहीतरी, पण तिनं मान हलवून नको म्हटलं. काका खाली वाकले, पाव काखेत धरून त्यांनी मैद्याच्या गळ्यातला पट्टा सोडला.

बाबा आता तिच्याकडे वळले. इतक्या मायेनं ते कितीतरी दिवसांत बोलले नव्हते.

"घाबरू नकोस. पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं. कुठे राहतेस तू?"

"इथेच," ती म्हणाली.

"मग बरं," बाबा म्हणाले. "घरी जायला उशीर होणार नाही."